पाऊण पाऊल

माणूस फारच सरळ वागायला लागला की मला त्याचा संशय येतो. हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. बिल्डरच्या ऑफिसात अकरा वर्षं दाराजवळच्या टेबलामागे बसलं की असंच होतं. 'सहज बघायला आलो' म्हणणाऱ्याला घर घ्यायचं असतं, आणि 'आजच ठरवून टाकू' म्हणणारा नुसता एसीत बसायला आलेला असतो. माझा नवरा म्हणतो, तू एक दिवस आरशातल्या बाईला विचारशील, 'कुणाकडे काम आहे आपलं?'

त्यामुळे लिफ्टमामा आमच्याकडे लागले तेव्हापासूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. तेव्हा इमारतीच्या जागी नुसता खड्डा होता आणि गिऱ्हाइकाला काही खड्डा दाखवता येत नाही. म्हणून ऑफिसच्या मागच्या बाजूला एक मोठा हॉल रिकामा केला होता. त्यात करडा गालिचा, कोपऱ्यात कॉम्प्युटर, भिंतीवर एक टीव्ही. गिऱ्हाइकाने डोळ्यांवर तो हेडसेट चढवला की तो अजून न बांधलेल्या फ्लॅटमध्ये जाऊन उभा राहायचा. तिथे तो खरोखर चालायचा, या खोलीतून त्या खोलीत. बाहेरून बघणाऱ्याला एक शहाणासुरता माणूस रिकाम्या हॉलमध्ये हात पुढे करून चाचपडताना दिसायचा.

मामांच्या आधी हे काम एक पोरगेलासा सेल्समन करायचा. माणसाच्या डोक्यावर यंत्र चढवायचा, 'जा, फिरा' म्हणायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा. लोक भिंतीवर आपटायचे. एक गृहस्थ फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसायला गेले आणि जमिनीवर दणकन आपटले, कारण सोफा फक्त डोळ्यांना होता. पडद्यामागे एक निळी बादली असायची. ती कशासाठी हे सांगायला नको. दिवसाआड ती धुवायची वेळ यायची आणि शिपाई माझ्याकडे असा बघायचा, की जणू ओकारी मीच काढली आहे.

मामा आले आणि बादली कोरडी पडली.

बावन्न वर्षांचे गृहस्थ. पांढरा शर्ट, तोही घरी इस्त्री केलेला, आवाज हळू. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका जुन्या सरकारी इमारतीत लिफ्ट चालवली होती. ती लिफ्ट दांड्याने चालायची. मजला आला की दांडा अशा बेताने सोडायचा, की लिफ्टची जमीन आणि बाहेरची जमीन एका पातळीत यावी. बोटभर खाली राहिली तर माणूस ठेचकाळतो, बोटभर वर राहिली तरी ठेचकाळतो. मामा म्हणायचे, "बावीस वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कुणी अडखळलं नाही, ताई." मग तिथे बटणांची लिफ्ट आली. वर्षभर मामा घरी बसले. कुणाच्या तरी ओळखीने इथे चिकटले. ही गेली तर दुसरी मिळायची नाही, हे ते स्वतःच सांगायचे.

त्यांचा डेमो मी काचेतून कितीतरी वेळा बघितला आहे. आधी माणसाला खुर्चीवर बसवायचे, पाणी विचारायचे, चष्मा आहे का, चक्कर येते का, आज जेवलात का, सगळं विचारून घ्यायचे. हेडसेटची काच मऊ फडक्याने पुसायचे. डोक्यामागचा पट्टा आवळताना केस अडकू नयेत म्हणून दोन बोटं मध्ये धरायचे. पहिलं मिनिटभर नुसती रिकामी खोली दाखवायचे, बसल्या जागी. "मान वळवून बघा. वर बघा. आता पायांकडे. घाई नाही." मग उभं करायचे. हॉलच्या एका टोकाला त्यांनी टेबलफॅन ठेवला होता. वारा तोंडावर आला की समजायचं, आपण दाराकडे बघतोय. माणसाचे डोळे कुठेही गेले तरी अंगाला दिशा कळत राहायची. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. स्वतः गिऱ्हाइकाच्या मागे वीतभर अंतरावर चालत राहायचे, दोन्ही हात अर्धवट उचललेले, पण अंगाला स्पर्श करायचे नाहीत. बायकांना हे फार आवडायचं. काम झालं की हेडसेट काढायच्या आधी सांगायचे, "आता डोळे मिटा. मी काढतो. मग हळूच उघडा."

इतकं सगळं नीट असेल तर मला ते संशयास्पदच वाटणार.

आणि संशयाला जागाही होती. मामा रोज सगळ्यांच्या आधी येत. हॉलचं दार आतून लावून घेत. पाव तास आत काय करत कोण जाणे. एकदा मी चहा द्यायच्या निमित्ताने दार ठोठावलं, तर आतून धडपडल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा चेहरा घामेजलेला होता आणि हातात एक छोटी वही होती. वही त्यांनी खिशात घातली. मी काही न बघितल्यासारखं केलं. अशा वेळी ताकास तूर लागू द्यायची नाही, हे मला चांगलं समजतं.

चौथ्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे सेल्स मॅनेजर. त्यांचा चेहरा नेहमी आत्ताच दाढी केल्यासारखा असतो.

"ताई, मला एक कळत नाही," ते म्हणाले. "आपल्या दुसऱ्या ऑफिसात लोक उलट्या करतात आणि बुकिंग करून जातात. आपल्याकडे हसत हसत बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. हा मामा आत लोकांना काय सांगतो?"

"मी ऐकलेलं नाही," मी म्हटलं.

"जरा लक्ष ठेवा."

मला कुणी लक्ष ठेवायला सांगितलं म्हणजे मांजराला दुधाची राखण दिल्यासारखं आहे. मी त्याच क्षणी बंद दाराबद्दल आणि वहीबद्दल सांगून टाकलं. सांगताना बरं वाटलं, हे कबूल करते. आपला संशय दुसऱ्याला पटला की माणसाला बरंच वाटतं. तेव्हा मला एकच चित्र दिसत होतं. मामा समोरच्या बिल्डरचे माणूस आहेत, आमची गिऱ्हाइकं वहीत उतरवून तिकडे पोचवतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा हात धुवायला गेले. खिशातून पडू नये म्हणून ते जेवताना वही टेबलावर काढून ठेवत. मी ती उघडली.

एकही नाव नव्हतं. फोन नंबर नव्हता. पानामागून पान असंच:

'आज पुन्हा पाऊण. पूर्ण केलं.'

'पुन्हा पाऊण. काल आधी टीव्ही बंद केला, मग मशीन. उद्या उलट करून बघणे.'

'उलट केलं. तरी पाऊण. पूर्ण केलं.'

'बटण दोनदा दाबलं का? लक्ष नव्हतं. लक्ष ठेवणे.'

'वायर काढून ठेवली. पाऊणच.'

मला काही ओ की ठो कळेना. आधी वाटलं, ही सांकेतिक भाषा असणार. पाऊण म्हणजे पाऊण कोणाचं? संध्याकाळी कंपनीचा कॉम्प्युटरवाला मशीन तपासायला आला, तेव्हा मी त्याला बिस्किटं देऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे मशीनमध्ये पाऊण, पूर्ण असं काही असतं का हो?"

तो हसला. "पावलाचं माप म्हणताय? ते पाऊणवरच ठेवायचं असतं. म्हणजे माणूस एक पाऊल टाकतो, आतलं चित्र पाऊणच पाऊल सरकतं. दहा फुटांची खोली चालायला तेरा फुटांची वाटते. ऐसपैस. काहींना गरगरतं थोडं, पण खोली मोठी वाटली की झालं. सगळ्या ऑफिसांत तसंच आहे. रोज मशीन सुरू झालं की आपोआप पाऊणवर येतं."

"आणि कुणी बदललं तर?"

"कोण कशाला बदलेल?" त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

पाणी कुठे मुरतंय ते मला तेव्हा कळलं, आणि ते मामांच्या बाजूला मुरत नव्हतं. मामा रोज सकाळी दार लावून पाऊल पुरं करत होते. म्हणून त्यांच्या डेमोत कुणाला गरगरत नव्हतं. म्हणूनच दहा फुटांची खोली दहा फुटांची दिसत होती आणि माणसं हसत आभार मानून दुसरीकडे घर बघायला जात होती. आणि वहीवरून हेही स्पष्ट होतं, की मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपण संध्याकाळी मशीन चुकीचं बंद करतो म्हणून ते बिघडतं, अशीच त्यांची समजूत होती. कुणाला कळायच्या आत ते रोज आपली चूक निस्तरत होते.

मी ठरवलं, उद्या सकाळी मामांना सांगायचं. पण साहेब माझ्या आधी पोचले होते.

हॉलचं दार उघडं होतं. साहेबांकडे दुसरी किल्ली होती. मामा कॉम्प्युटरसमोर उभे होते आणि पडद्यावर ते आकडे उघडे होते.

"चूक माझी आहे, साहेब," मामा म्हणत होते. "रोज बिघडतं माझ्या हातून. बंद करताना काहीतरी राहतं. मी खूप प्रकार करून बघितले. पण गिऱ्हाईक यायच्या आत दुरुस्त करतो, एक दिवस चुकवलेला नाही. सांगायला हवं होतं. घाबरलो."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, हे मला दारातून दिसलं. आणि पुढे काय बोलायचं हे ठरवायला त्यांना एक श्वाससुद्धा लागला नाही.

"असू दे, मामा," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "चुकतं माणूस. मी वर कळवणार नाही. फक्त आजपासून त्या आकड्यांना हात लावायचा नाही. तुमच्या हात लावण्यानेच जास्त बिघडतंय ते."

मामांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते साहेबांचे आभार मानत होते आणि मी दारात मूग गिळून उभी होते.

का गप्प बसले? मला माझी नोकरी हवी होती, दुसरं काही नाही. नवऱ्याचं दुकान तेव्हा चालत नव्हतं आणि साहेबांनी बाहेर पडताना माझ्याकडे असं बघितलं, की मला कळावं. शिवाय जाता जाता म्हणालेसुद्धा, "ताई, तुमचं लक्ष चांगलं आहे."

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. टेबलफॅन तसाच होता, फडकं तेच होतं, 'घाई नाही' तेच होतं. पण माणसं उठून उभी राहिली, चार पावलं चालली, की त्यांचे ओठ पांढरे पडायचे. निळी बादली पडद्यामागून बाहेर आली. बुकिंग वाढलं. लोक घामाघूम होऊन म्हणायचे, "खोल्या मात्र मोठ्या आहेत हं." आणि मामा प्रत्येकाला टॉवेल देताना सांगायचे, "माफ करा, माझ्या हाताला अजून नीट सवय नाही." जो माणूस महिन्याभरापूर्वी सगळ्यांपेक्षा सराईत होता, तो आता नवशिक्यासारखी माफी मागत होता.

ते खंगत चालले. जेवणाच्या डब्यातलं अर्धं तसंच परत जायचं. एकदा म्हणाले, "आमच्या हिला रोज विचारायची सवय आहे, आज नीट झालं का? आता मी आधीच सांगतो, नाही झालं. म्हणजे ती विचारत नाही." मी म्हटलं, "होईल हळूहळू." माझ्या तोंडून हे निघालं याची मला अजून शरम वाटते. जगावर संशय घेत फिरणारी मी, आणि समोर उघड उघड चाललेली लबाडी मी फाइलसारखी बंद करून ठेवली होती.

मग एका बुधवारी सकाळी दोघी मायलेकी आल्या. लेक कपडे शिवायची, स्वतःचं छोटं दुकान होतं. आई सत्तरीच्या पुढची, हातात काठी. राहतं घर सोडायची वेळ आली होती आणि लेकीला खालच्या मजल्यावरचा फ्लॅट हवा होता, आईसाठी. लेकीने आधी बघितलं. गरगरलं, पण ती दात खाऊन सगळीकडे फिरली आणि म्हणाली, "झोपायच्या खोलीत पलंग टाकून माझं शिवणाचं मशीन बसेल. मला हवं तसंच आहे." मग आजी म्हणाल्या, मलाही बघू दे, मी राहणार आहे तिथे.

मामा नको म्हणाले. आजींनी ऐकलं नाही.

तिसऱ्या पावलाला त्यांनी काठी पुढे टेकली. काठी जिथे पडली तिथे डोळ्यांना जमीन नव्हती, किंवा पाय पोचले तिथे डोळे पोचले नव्हते. त्या एका कुशीवर कलल्या. मामा वीतभर मागेच होते म्हणून वाचल्या. त्यांनी आजींना अंगावर झेलून घेतलं आणि दोघंही गालिच्यावर बसली.

आजींना पाणी देऊन बाकावर बसवलं, लेक त्यांच्या पायांना हात लावून बघत होती. मामा माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, मला साहेबांकडे अर्ज लिहून द्याल? मला झाडलोट द्या म्हणावं. शिपायाच्या हाताखाली द्या. या हातांना हे काम येत नाही. आज त्या बाईचं हाड मोडलं असतं."

मी कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. आणि मला ते लिहिता येईना.

"मामा," मी म्हटलं, "तुमच्या हातून काही बिघडत नाही. ते तसंच ठेवलेलं आहे. मुद्दाम. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून. रोज मशीन सुरू झालं की आपोआप पाऊण होतं. तुम्ही कसंही बंद करा. साहेबांना माहीत आहे. मला तीन आठवडे माहीत आहे."

मला वाटलं, ते चिडतील. माझ्यावर, साहेबांवर. चिडायला हवं होतं.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?" ते म्हणाले.

"नाही."

"बंद करताना?"

"नाही, मामा."

"सुरुवातीपासून?"

"एकदाही नाही."

मामांनी शर्टाची बाही सारखी केली आणि आत गेले. हॉलचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं. कॉम्प्युटरपाशी जाऊन आकडा पूर्ण केला. मग मायलेकींपुढे जाऊन म्हणाले, "एकदा परत बघता का? मघाशी जे दाखवलं ते बरोबर नव्हतं."

लेक तयार झाली. खोलीत गेली, फिरली, कुठेही अडखळली नाही. झोपायच्या खोलीत ती थांबली. दोन्ही हात पसरून भिंतींचा अंदाज घेतला. कपड्याचं माप डोळ्यांनी घेणारी बाई ती, तिला कुणी शिकवायला नको.

"पलंगाशेजारी मशीन बसणार नाही," ती म्हणाली.

"नाही बसणार, ताई," मामा म्हणाले. "खोली एवढीच आहे. मघाशी दर पावलातलं पाव काढून घेतलं होतं तुमच्याकडून."

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मायलेकी जाईपर्यंत ते हसतमुख राहिले, आजींसाठी रिक्षासुद्धा बोलावली. मग मामांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." आणि विचार करून म्हणाले, "उद्यापासून कशाला? निघाच."

मामांनी टेबलफॅन बंद केला. तो त्यांनी घरून आणला होता. तो काखेत धरून ते माझ्या टेबलापाशी आले आणि तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. आवाज इतका मोठा, की मीसुद्धा दचकले. हा माणूस कधी मोठ्याने बोललेला मी ऐकला नव्हता.

"अगं, माझं चुकत नव्हतं," ते म्हणाले. "हो. पहिल्यापासून. मी बरोबर करत होतो. नाही, नाही, खरंच. हो, आत्ता निघतोय. येतोच."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मला ते ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते कळलं. बरोबर करत होतात, तर मग भर सकाळी घरी का निघालात?

इतक्या वेळात मामांना तो विचारच शिवला नसावा. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, तुम्हीच सांगा हिला. मला नीट सांगता यायचं नाही."

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. ते आत खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी फोन घेतला आणि त्या बाईला, जिला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुणी काय केलं, कुणी काय लपवलं, आणि त्यात मी किती दिवस गप्प होते तेही. आवाज कमी केला नाही.